सिद्धरामालाही प्रश्न विचारला गेला होता

माझ्या मामेभावाची सून गेल्या श्रावणात घरी आली होती. शिकलेली, स्पष्ट बोलणारी पोर. तिनं विचारलं, "आत्या, तुम्ही नवस बोलत नाही, मुहूर्त बघत नाही, विटाळ पाळत नाही. मग रोज पहाटे लिंगपूजा कशासाठी करता?" तिनं मनापासून विचारलं होतं, आणि चहाचा कप संपेपर्यंत सांगून होण्यासारखं हे उत्तर नाही. मला इथवर यायला बरीच वर्षं लागली आणि त्यातली कितीतरी दवाखान्याच्या बाकावर गेली. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आम्ही सोलापूरचे, बाळीवेशीच्या बाजूचे लिंगायत. आमच्यात देवाचं छोटं लिंग, म्हणजे इष्टलिंग, प्रत्येकानं गळ्यात बाळगायचं असतं. घरात कन्नड, शाळेत मराठी, पूर्व भागात गेलं की कानावर तेलुगू. सोलापुरात याचं कुणाला नवल नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे आमच्या ग्रामदैवत सिद्धरामाची (सिद्धेश्वराची) यात्रा आली की त्यांची पांढरी बाराबंदी पेटीतून निघायची, अव्वा, म्हणजे आई, ती धुऊन कडक इस्त्री करून आणायची. पहिल्या दिवशी सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, यण्णीमज्जनाला निघायचे, शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तेल घालत फिरायचे. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामाशी लग्न करायचं होतं, योग्यानं तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, त्याचा हा सोहळा. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर झाला की अप्पांच्या खांद्यावर बसलेल्या माझ्या धाकट्या भावाचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. माझ्या श्रद्धेची सुरुवात त्या गर्दीत आहे. ती कुणी उपदेश करून दिली नाही.

पण त्याच घरात भीतीही होती. आज्जी म्हणायची, लिंग अंगावरून उतरलं तर घास गिळायचा नाही. आणि महिन्याच्या त्या चार दिवसांत बायकांनी तेच लिंग काढून देवघरातल्या खुंटीला अडकवायचं. दोन्ही नियम एकाच तोंडून यायचे, आम्ही दोन्ही पाळायचो. अमावास्येला प्रवास नाही, शनिवारी तेल आणायचं नाही, कुणी आजारी पडलं की औषधाच्या आधी 'कुठल्या देवाचं काय राहिलंय' याची चौकशी. देव कनवाळू आहे असं आम्ही म्हणायचो आणि वागायचो मात्र तो वसुलीला आलेला सावकार असल्यासारखं. तेव्हा मला यात विसंगती दिसली नाही. ज्या घरात माणूस वाढतो त्या घराच्या भिंतींकडं तो बघत नाही.

चाळिशी गाठायच्या आत माझ्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब कितीतरी वर्षं वाढलेला असणार. लक्षात आलं तेव्हा उशीर झालेला होता. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. मी पोस्टात काउंटरवर काम करते. पाळ्या बदलून घेऊन, रजा टाकून मी त्याच्यासोबत जायचे, कारण भावजयीच्या पदरात लहान मुलगी होती.

त्या काळात आमच्या घरी दोन उपचार शेजारी शेजारी चालू होते. एक दवाखान्यात, दुसरा देवघरात. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. लघवी होत नाही, त्यामुळं प्यालेलं सगळं अंगात साठतं, पाय सुजतात, छातीत पाणी होतं, रात्री आडवं झोपता येत नाही. नारळपाणी, केळी, मोसंबी यांत पोटॅशियम भरपूर. किडनीला ते बाहेर टाकता आलं नाही की हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. तिथल्या डॉक्टरांनी हे आम्हाला चित्र काढून समजावलं होतं. आणि भेटायला येणारा नातलग काय घेऊन यायचा? देवळातला नारळ, केळ्याचा प्रसाद, बाटलीभर तीर्थ. अक्कलकोटचं, गाणगापूरचं, तुळजापूरचं, श्रीशैलचं. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. लोक उन्हातान्हात रांगा लावून ते घेऊन यायचे. "एवढं तरी पी रे, देवाचंच हाय की" असं म्हणून पेला पुढं करायचे. भाऊ तीर्थात बोट बुडवायचा, डोळ्यांना लावायचा आणि बाटली माझ्याकडं द्यायचा, "अक्का, बेलाला घाल." परसातलं ते बेलाचं झाड त्या दोन वर्षांत तीर्थावरच वाढलं.

अंगाऱ्याच्या पुड्या उशीखाली साठत गेल्या. एका ज्योतिषानं कालसर्पदोष काढला, शांतीचा खर्च सांगितला, आणि अप्पांनी भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून तो केलाही. त्याच महिन्यात इंजेक्शनांसाठी आम्ही उसने पैसे घेतले. यावर अधिक लिहीत नाही, कारण अजून राग येतो.

आता ज्या प्रसंगामुळं माझं सगळं ढवळून निघालं तो. डायलिसिससाठी हातात फिस्टुला करावा लागतो, म्हणजे धमनी आणि शीर जोडायची, म्हणजे जाड सुया टोचण्याइतकी ती शीर फुगते. त्या ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरनं अंगठी, करदोडा, गळ्यातलं, सगळं काढायला सांगितलं. भावानं चांदीच्या डबीतलं लिंग दोऱ्यासकट गळ्यातून काढलं. ठेवायचं कुठं? आजूबाजूला पाहिलं. टेबलावर कापसाचा डबा, सलाईनच्या बाटल्या. मग त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवलं. "अक्का, तू धर. पर्समध्ये नको टाकूस." माझी पाळी सुरू होती. त्याला ठाऊक नव्हतं. माझा हात क्षणभर मागं गेला. मग मी मूठ मिटली आणि तो बाहेर येईपर्यंत उघडली नाही. डबीची कड तळहातावर रुतून वळ उठला होता. त्याला ते परत घालताना तो वळ त्यानं पाहिला आणि हसला.

त्या रात्री मी भावजयीला हे सांगितलं. दोघी जणी बोलत होतो, एवढंच. पण घरातलं बोलणं घरात फिरतंच.

२०१४च्या उन्हाळ्यात तो गेला. आमच्यात दहन करत नाहीत. लिंगैक्य झालेल्या माणसाला बसवतात, डाव्या हातावर त्याचं लिंग ठेवतात, विभूती आणि बेल वाहून मातीत ठेवतात. ते सगळं झालं. तिसऱ्या दिवशी घरात बायका बसलेल्या असताना नात्यातली एक वडीलधारी बाई माझ्या अव्वाला म्हणाली, "लिंग अंगावरनं काढायलाच नको होतं. आन् ते बी कुणाच्या हातात, कसल्या दिवसांत!" माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. अव्वा काही बोलली नाही, पण तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत शंका होती. माझ्या आईच्या नजरेत. भाऊ गेल्याचं दुःख एक आणि हे एक. कुठलं मोठं, हे मला आजही सांगता येणार नाही.

घरी आले आणि गळ्यातलं लिंग काढून खुंटीला लावलं. या वेळी चार दिवसांसाठी नाही.

मी रोज तोच हिशोब मांडत बसायचे. ती बाई म्हणाली ते खरं असेल, तर देवानं माझ्या एका मुठीचा राग दोन वर्षं मनात धरला आणि एका लेकराच्या बापाचा जीव घेतला. असा देव असला तरी मला त्याची पूजा करायची नव्हती. आणि ते खरं नसेल, तर बाकीचं तरी कशावरून खरं? तीर्थ, अंगारा, शांती, नवस, अडुसष्ट लिंगं, अक्षता. एक धागा ओढला की सगळं उसवत होतं. तिसरं काही असू शकेल असं मनातही आलं नाही.

आदल्या वर्षी, २० ऑगस्ट २०१३ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. तेव्हा मी बातमी वाचून हळहळले होते आणि कामाला लागले होते. आता पोस्टातल्या एका सहकाऱ्यानं मला अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमाला नेलं. दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला होता, त्याबद्दल माहिती होती. मला वाटलं होतं, इथं देवाला शिव्या ऐकायला मिळतील, आणि खरं सांगते, मला त्या ऐकायच्या होत्या. पण बोलणारा कार्यकर्ता शांतपणे म्हणाला की आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाशी आहे. आजाऱ्याला दवाखान्यात जाऊ न देता मांत्रिकाकडं अडकवून ठेवणं, अंगात आल्याचं सांगून लुबाडणं, हे गुन्हे आहेत. घरातली पूजा किंवा पंढरीची वारी गुन्हा नाही. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. मी ज्याला एकच गाठोडं समजत होते त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं. कालसर्पाचे पैसे घेणारा ज्योतिषी आणि अप्पांच्या खांद्यावरून गजर करणारा माझा भाऊ यांना एकाच माळेत ओवायचं कारण नव्हतं.

तरी पूजा परत सुरू झाली नाही. पहाटे सवयीनं जाग यायची, आंघोळ व्हायची आणि मग काय करावं कळायचं नाही. पाणी यायचा दिवस असला तर बरं. सोलापुरात तेव्हा पाणी काही दिवसांआड यायचं, त्या पहाटे भांडी भरण्यात वेळ जायचा. बाकीच्या पहाटे मी नुसती बसायचे.

आमच्या मागच्या गल्लीत कन्नड शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर राहतात. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या पिढीतल्या मराठी शाळेत गेलेल्या कितीतरी लिंगायत घरांतलं हेच आहे: बसवण्णांचा, म्हणजे महात्मा बसवेश्वरांचा, फोटो भिंतीवर आणि त्यांची वचनं, म्हणजे कन्नडमधल्या छोट्या भक्तिरचना, डोळ्यांना अनोळखी. मास्तर पोस्टात पेन्शनच्या कामासाठी आले होते. रिकामा गळा पाहून त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं. काउंटरपलीकडं उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तंगी (कन्नडमध्ये धाकटी बहीण), तू हातात घेतलंस ते बरोबर केलंस. संध्याकाळी घरी ये."

त्या संध्याकाळी मला कळलं की आमच्या धर्मात पाच सुतकं पाळू नयेत असं स्पष्ट सांगितलेलं आहे. जन्माचं, मरणाचं, उष्ट्याचं, जातीचं आणि रजाचं, म्हणजे पाळीचं. मास्तर म्हणाले, "जे लिंग जन्मापासून मरेपर्यंत अंगावर ठेवायचं, ते बाईनं महिन्याला चार दिवस काढायचं कसं? अंगावर आहे तोवर सुतक कुठनं आलं?" मी गप्पच झाले. इतकी साधी गोष्ट. आठशे वर्षांपूर्वी बसवण्णांच्या मंडळींनी जे नाकारलं ते आम्ही त्यांच्याच नावानं पाळत होतो. माझी आज्जी, जिनं आयुष्यभर महिन्यातले चार दिवस मागच्या पडवीत काढले, तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्या बाईनं मला बोल लावला तिलाही नाही. त्या दिवशी मला आनंद झाला नाही. मला प्रचंड राग आला. धर्माचा नव्हे, तो दडवून ठेवणाऱ्यांचा.

मग मी जातच राहिले. मास्तर कन्नड वाचायचे, अर्थ सांगायचे, मी वहीत देवनागरीत उतरवायचे. बसवण्णा म्हणतात, पैसेवाले शिवालयं बांधतील, मी गरीब काय करू? माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. उभं केलेलं पडतं, चालतं-फिरतं ते टिकतं. हे ऐकताना मला माझा भाऊ आठवायचा. त्याच्या अंगात सुया होत्या, नळ्या होत्या, कातडी काळवंडली होती. ते देऊळ शेवटपर्यंत कुणी बाटवू शकलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते आमच्याच सिद्धरामाच्या गोष्टीनं. आम्हाला लहानपणी सांगितलेला सिद्धराम म्हणजे मल्लिकार्जुनासाठी श्रीशैलापर्यंत रडत गेलेला मुलगा, आणि पुढं हे तळं खोदणारा, लिंगं स्थापणारा योगी. मास्तरांनी शून्यसंपादनेतला, म्हणजे शरणांच्या संवादांच्या जुन्या कन्नड ग्रंथातला, भाग वाचला. बसवण्णांच्या काळातले थोर शरण अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे सोलापुरात, येतात. तळ्याचं काम जोरात चालू आहे. अल्लम कामगारांना विचारतात, तुमचा तो वड्डर रामय्या कुठं आहे? गुरूला माती उपसणारा गवंडी म्हटल्यावर कामगार भडकतात, दगड मारतात. सिद्धरामही रागानं येतो. मग दोघांचा वाद होतो. तळी खोदलीस, देवळं बांधलीस, लोकांचं भलं केलंस, पण आत काय आहे? बाहेरच्या दगडात अडकून राहिलास का? सिद्धराम ऐकतो, बोलतो, हरकत घेतो आणि शेवटी अल्लमांबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला, बसवण्णांकडं, जातो. तिथंही तो लगेच मान डोलावत नाही. मला इष्टलिंगाची गरजच काय, असा त्याचा सवाल आहे. बरीच चर्चा झाल्यावर बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा त्याला दीक्षा देतात. आणि तळं? तळं राहिलं. आजही आहे. प्रश्न विचारला म्हणून कुणी ते बुजवलं नाही.

ज्याच्या नावानं आमचं शहर ओळखलं जातं त्या माणसाला, त्याच्याच गावात, त्याच्याच तळ्याच्या काठावर, त्याच्या श्रद्धेबद्दल तोंडावर विचारलं गेलं होतं. त्यानं राग केला, वाद घातला आणि तो बदलला. आणि मी गप्प राहून कुढत होते, कारण मला वाटत होतं की प्रश्न पडला म्हणजे मी त्याच्या अंगणाबाहेर गेले.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तिथं माझी गाडी काही दिवस भलत्याच वाटेला लागली होती. 'वचनात आहे म्हणून खरं' असं मी म्हणायला लागले होते. मग 'मोठी माणसं सांगतात म्हणून खरं' यात आणि त्यात फरक काय? मी मास्तरांना विचारलं, "सिद्धराम बाराव्या शतकातला, शून्यसंपादने पंधराव्या शतकातलं. बोलणं असंच झालं कशावरून?" ते म्हणाले, "कशावरूनच नाही." "मग?" "मग काय? पुढचं पान काढ." त्यांनी मला खात्री द्यायचं नाकारलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पाळीचा विटाळ खोटा आहे तो वचनांत नाकारलाय म्हणून खोटा नाही. वचनांत एक अक्षरही नसतं तरी खोटाच असता. रक्त गर्भाशयातून येतं, निसर्गानं येतं, त्यात देवाचा अपमान होण्यासारखं काही नाही. वचनांनी मला एवढंच दिलं की हे म्हणायला घर सोडून जावं लागत नाही.

३० ऑगस्ट २०१५ला धारवाडमध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. वचनसाहित्यावर आयुष्य वाहिलेला अभ्यासक. त्या संध्याकाळी मास्तरांनी वाचन केलं नाही. आम्ही बसून राहिलो. प्रश्न विचारण्याची किंमत काही माणसं किती देतात आणि मी नात्यातल्या चार बायकांच्या नजरेला किती भ्यायले, हे मनात येत होतं.

त्यानंतर कधीतरी मी लिंग पुन्हा गळ्यात घातलं. तारीख आठवत नाही. कुठला साक्षात्कार झाला नाही. आंघोळ करून आले, खुंटीवरून काढलं, डबी उघडली, डाव्या तळहातावर थोडं पाणी घेऊन लिंग ठेवलं. काळंभोर, गुळगुळीत, आवळ्याएवढं. विभूती लावली, परसातल्या त्याच झाडाचं बेलपान वाहिलं आणि बघत बसले. पूर्वी या वेळी माझं मागणं चालू असायचं. याला बरं कर, त्याला नोकरी लाव, हिचं जुळू दे. त्या दिवशी मागण्यासारखं काही सुचलं नाही. ज्याच्यासाठी मागायचं तो गेला होता. मग मी त्याच्याबद्दल सांगत बसले. किती चिडायचा, मशीनवर असताना मोबाइलवर कुस्त्या कसा बघायचा. पलीकडून काही उत्तर आलं नाही, येतही नाही. पण सांगून झाल्यावर मला ऐकलं गेल्यासारखं वाटलं. याचा पुरावा मागितला तर माझ्याकडं नाही. मेंदूचा खेळ आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. फक्त तेवढ्यासाठी मी पूजा सोडणारही नाही.

मामेभावाच्या सुनेला मला हे सांगायचं होतं. माझा भाऊ देवानं मारला नाही आणि वाचवलाही नाही. त्याच्या किडन्या गेल्या होत्या. देव रक्तदाबाच्या गोळ्यांची जागा घेत नाही, आणि गोळ्या देवाची जागा घेत नाहीत. त्या दोन वर्षांत मला उभं कशानं ठेवलं, असं विचारलं तर डॉक्टर, भावजयीची हिंमत, उसने पैसे देणारा शेजारी, आणि तळहातावर उठलेला तो वळ. यातला कुठला भाग देवाचा, हे मी वेगळं काढून दाखवू शकत नाही.

घरात मात्र हे बोलून भागत नव्हतं. माझ्या मुलीला पाळी आली तेव्हा सासूबाई तिच्यासाठी कोपऱ्यात सतरंजी घालायला निघाल्या. मी म्हटलं, "आई, ती आपल्या पलंगावर झोपेल." त्या म्हणाल्या, "आम्ही काय येडे होतो का इतकी वर्षं?" या प्रश्नात फार दुखरं काहीतरी होतं. हो म्हटलं तर त्यांच्या अख्ख्या आयुष्याचा अपमान, नाही म्हटलं तर माझ्या मुलीचा. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, त्या दिवसांत तुम्हाला कोपऱ्यात बसायला आवडायचं का? बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "थंडीत लई हाल व्हायचे. पण तेवढीच कामातून सुटका." मुलगी पलंगावर झोपली. लिंग तिच्या गळ्यातच राहिलं. सासूबाई त्या चार दिवसांत देवघरात जरा जास्तच वेळ बसल्या, आणि मी त्याला हरकत घेतली नाही.

नवसाच्या बाबतीत मात्र मला अव्वाकडून शिकावं लागलं. पोरगा बरा झाला तर घरापासून सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत दंडवत घालीन, असं ती बोलली होती. तो गेला, म्हणजे नवस सुटला, असं मी तिला समजावत होते. देवाणघेवाणच होती ती, त्यानं दिलं नाही, तू कशाला देतेस? अव्वा म्हणाली, "तू पोस्टात हाईस म्हणून तुला सगळी मनीऑर्डर दिसती." गुडघ्यांमुळं दंडवत तिला शक्य नव्हतं. पुढच्या श्रावणातल्या एका सोमवारी ती अनवाणी चालत देवळात गेली, मी सोबत होते. तळ्यातल्या पुलावरून जाताना ती कठड्याला धरून थांबली आणि मोठ्यानं रडली, भाऊ गेल्यावर पहिल्यांदाच. मग म्हणाली, "तुझ्या हातात लिंग दिलं ते बरं केलं त्यानं. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं असतं तर पाडलं असतं." तिनं माझी क्षमा मागितली नाही, मला ती नकोही होती. नवस बोलणाऱ्या माणसाला मी आता लगेच व्यापारी ठरवत नाही. डायलिसिसच्या खोलीत केळ्याचा प्रसाद घेऊन आलेलं कुणी दिसलं तर मात्र उठून सांगते, ताई, हे त्यांना देऊ नका, कपाळाला लावा आणि तुम्ही खा. त्या सेंटरवर मी अजून अधूनमधून जाते.

गड्ड्यालाही जाते. कुंभारकन्येची गोष्ट इतिहास म्हणून मी धरत नाही. तरी "सत्यम् सत्यम्" ऐकू आलं की अक्षता टाकते. करोनामुळं २०२१ साली यात्रेला परवानगी नव्हती, मोजक्या लोकांत विधी उरकले. घरी बसून ते बघताना मला चुकल्यासारखं झालं, आणि ती चुकचुक भीतीची नव्हती. यंदा अक्षता टाकली नाही म्हणून काही वाईट होईल, असा विचार मनाला शिवलाच नाही. फक्त त्या गर्दीत असावं असं वाटत होतं.

पाच सुतकांपैकी जातीचं सुतक सगळ्यात चिवट आहे. आता ते आमच्या दारात आलंय. माझी भाची, त्या भावाची मुलगी, पूर्व भागातल्या एका पद्मशाली मुलाशी लग्न करायचं म्हणतेय. मुलगा चांगला आहे, घरचे यंत्रमाग आहेत, घरात तेलुगू बोलतात, मार्कंडेयाला मानतात. बसवण्णांच्या जयंतीला मिरवणुकीत पुढं असणारे आमचे काका म्हणाले, "वचनं वेगळी आणि सोयरीक वेगळी." मास्तरांनी यावर त्यांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. भावजय तयार आहे. अव्वा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तिची काळजी एकच, पोरीच्या गळ्यातलं लिंग तिथं राहू देतील का. मी भाचीला म्हटलं, हे मुलाच्या आईला तूच विचार, मी मध्ये पडणार नाही. रविवारी ती मंडळी आमच्याकडं यायची आहेत. काका येणार नाहीत असा निरोप आलाय. मी शेंगापोळीचं कूट करून ठेवलंय, मास्तरांना जेवायलाच बोलावलंय, आणि अव्वानं काल स्वतःहून विचारलं, त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाईला काय म्हणून हाक मारायची ते.